घड्याळ वाजलं की चालायचं

थोरल्या जाऊबाईंच्या पायांशी धाकटीचा नमस्कार (कागदावरच घ्या, खरोखर वाकले तर उठवायला माणूस बोलवावं लागेल). तुमची नवी कवळी नीट बसली का? बसली असेल तर बोलणं वाढलं असेल, नसेल बसली तर भाऊजींना तेवढाच आराम. इकडे मी ठीक आहे. ठीक म्हणजे सगळे अवयव आपापल्या जागी आहेत, फक्त एकमेकांशी बोलत नाहीत.

मी शर्यतीत धावले हे तुमच्या कानावर आलंच असेल, आणि मला वेड लागलं हेही. म्हणून खरं काय ते माझ्याकडूनच ऐका. मागे मी जिन्यात पडले (पडले म्हणजे काय, चार पायऱ्या बसून उतरले), तेव्हापासून आमच्या चिरंजीवांनी धोशा लावला होता, की तिसरा मजला सोड. तळमजल्यावरच्या मास्तरीणबाई लेकीकडे राहायला जाणार आहेत, त्यांची खोली तुला घेऊ. मी काय पोतं आहे, जिथे जागा दिसेल तिथे नेऊन टेकवायला? रागाच्या भरात बोलून बसले, की मैदानापासून पुलापर्यंत आणि परत अशी पाच किलोमीटरची शर्यत आहे ना, ती मी कुठेही न बसता पुरी करते, मग खालच्या खोलीचं नाव काढायचं नाही. तो लगेच ‘बरं’ म्हणाला. आयुष्यात माझ्या कुठल्या बोलण्याला तो इतक्या पटकन बरं म्हणाला नव्हता. तेव्हाच मी ओळखायला हवं होतं, की हा आत्तापासूनच माझं सामान बांधतोय.

नातीला मात्र आनंद झाला. (दवाखान्यात हातपाय मोडलेल्यांना ती पुन्हा चालायला शिकवते, त्यामुळे धडधाकट माणूस तिच्या नजरेला दिसतच नाही.) तिने माझ्या मनगटाला एक घड्याळ बांधलं आणि सांगितलं, आजी, तीन मिनिटं धावायचं, घड्याळ टुंई करतं, मग एक मिनिट चालायचं, ते पुन्हा टुंई करतं, मग धावायचं. दम लागायची वाट बघायची नाही, आधीच ठरवून चालायचं. मला ते घासाघासाला हात धुण्यासारखं वाटलं. पण दम माझा होता, म्हणून तिचं ऐकलं.

अडचण अशी, की भर रस्त्यात नव्या बुटांतली म्हातारी धावता धावता चालायला लागली, तर लोक काय म्हणणार? संपली. मग मी एक युक्ती काढली. टुंई झालं की कोपऱ्यावरच्या शिंप्याच्या दुकानात शिरायचं, जणू त्याच कामाला निघाले होते, आणि एक बटण मागायचं. पुन्हा टुंई झालं की बटण मुठीत घेऊन बाहेर. शिंपी बिचारा सरळ माणूस. पहिल्या आठवड्यात बटण द्यायचा, दुसऱ्यात मला येताना बघूनच डबा उघडून ठेवायचा, तिसऱ्यात म्हणाला, आजी, एकदा सदरा तरी आणून दाखवा. आता घरात बटणं एवढी झालीत, की तेवढे सदरे आमच्या सात पिढ्यांनी घातले नसतील.

शर्यतीच्या दिवशी रस्त्यावर शिंप्याचं दुकान नव्हतं. उलट शिंपीच रस्त्याच्या कडेला उभा, आणि शेजारी स्कूटरवर आमचे चिरंजीव, आई कधी बसते ते बघायला. त्यांच्यासमोर टुंई झालं. मी ऐकलंच नाही. पुढे आणखी झालं, तेही ऐकलं नाही. मास्तरीणबाईही शर्यतीत होत्या, नातीने तसलंच घड्याळ त्यांनाही बांधलेलं. त्या मात्र घड्याळ वाजलं की खुशाल चालत, झाडं बघत, कुणाच्या बापाची भीती नसल्यासारख्या. मी त्यांना मागे टाकलं तेव्हा मान वळवून बघितलंसुद्धा (नको तिथे ताकद घालवायची जुनी सवय). पुलापाशी पोचले आणि छातीत भाता सुरू झाला, डोळ्यांसमोर काजवे आणि काजव्यांच्या पलीकडे एका बँकेच्या गार, रुंद पायऱ्या. मी कंबर वाकवलीच होती. तेवढ्यात मागून आवाज आला, अहो, ते मघापासून कोकलतंय ते तुमच्यासाठीच आहे, बसू नका, चाला. मास्तरीणबाई. मला उत्तर द्यायचं होतं, पण द्यायला हवा शिल्लक नव्हती, म्हणून चालले.

मग आम्ही दोघी टुंईला चाललो, टुंईला धावलो. चालताना त्या जावयाची गाऱ्हाणी सांगायच्या, धावताना अर्धवट सोडायच्या. पुढचं ऐकायचं म्हणून मी पोचले. आमच्या मागे फक्त खुर्च्या गोळा करणारा टेम्पो होता, तोही बिचारा लाजून हॉर्न वाजवत नव्हता. पण बसले नाही. चिरंजीवांचं तोंड बघण्यासारखं झालं होतं. बिल्ला मिळाला, तो बटणांच्या डब्यात ठेवलाय.

भाऊजींना नमस्कार सांगा, कवळी रात्री पाण्यात ठेवा.

तुमची धाकटी जाऊ

ता.क. पोरगा शब्दाचा पक्का निघाला (बापावर गेला नाही). त्या दिवसापासून खालच्या खोलीचा ब्र काढत नाही. आणि मी जिना घड्याळावर चढते, दर मजल्याला थांबून खिडकीबाहेर काहीतरी बघते. दुसऱ्या मजल्यावरच्यांना वाटतं मी त्यांच्यावर पाळत ठेवते. मास्तरीणबाईंची खोली मी आतून बघून आले. नळ घरातच आहे, उंबरठाही नाही. तेव्हा तुम्ही त्याला फोन करा आणि थोरल्या काकूच्या अधिकाराने दटावा, की आईला खाली आण. तुमचा शब्द तो मोडत नाही. मी दोनदा नाही म्हणेन, तिसऱ्यांदा तुमचा मान राखून कबूल होईन. हे पत्र वाचून फाडून टाका.

आणखी ता.क. खोली बघायला दुसरं कुणी येऊन गेलं म्हणतात. एकदाच नाही म्हणते.

शेवटचं ता.क. आत्ता पाणी घेऊन वर आले. त्याने विचारलं की नुसतं तोंड वाकडं करते, तेवढं पुरे. फोन आजच करा.