मजकूर : ग्राहकाकडून

३ फेब्रुवारी

चि. बेबीस,

अनेक आशीर्वाद. ‘चि.’ लिहिल्यावर हात तीस वर्षांच्या सवयीने पुढचं अक्षर लिहायला निघाला होता, त्याला आवरलं. हातांना बातम्या उशिरा कळतात.

फोन करत नाही, पत्रच लिहितो. फोनवर तू नुसतं ‘हं’ म्हणतेस. त्या ‘हं’चा अन्वय लावायला माझी संस्कृत शिकवण्याची बत्तीस वर्षं अपुरी पडतात. मेहुण्यांना जाऊन तीन महिने झाले आणि तू अजून रडली नाहीस, असं तुझी वहिनी म्हणते. रड, असं मी म्हणत नाही. जेवतेस ना, एवढं कळव.

आता तू पाठवलेली तीन अंदाजपत्रकं. एकाच दुकानाच्या एकाच वेबसाइटचे एकाने आठ हजार सांगावेत, दुसरीने पंचावन्न हजार आणि तिसऱ्याने अडीच लाख, म्हटल्यावर तुला फसवणूक वाटली. मलाही वाटली. मग चष्मा पुसला (एकच काच कामाची असली तरी मी दोन्ही पुसतो), तिन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले आणि भाष्यकाराच्या चिकाटीने वाचले.

तुमच्याच धंद्यातलं उदाहरण घे. पेटीतला तयार कृत्रिम डोळा आणि खोबणीचा साचा घेऊन, मेणावर घडवून, बुबुळ हाताने रंगवलेला डोळा, यांची किंमत एक असते का? इवल्याशा वाटीला एवढे पैसे कसले, असं गिऱ्हाईक तुम्हालाही विचारतंच. आठ हजारवाला पेटीतला डोळा देतोय: तयार ठोकळा, त्यात तुमचं नाव आणि पत्ता. पंचावन्नवाली मापाचा देते: सहा पानं, वेळ ठरवायची सोय, फोनवरही नीट दिसेल अशी मांडणी, दोन दुरुस्त्या फुकट, वर्षभर देखभाल. अडीच लाखवाला डोळ्यासोबत दृष्टीही देईन म्हणतो. त्याच्या कागदावर ‘रणनीती’ हा शब्द सात वेळा आलाय. आपलं युद्ध कोणाशी आहे, ते मात्र लिहिलेलं नाही. आणि एक ध्यानात ठेव, वेबसाइटचं नाव आणि ती ठेवायची जागा दोन्ही भाड्याची असतात. दर वर्षी भरत राहायचं. भाडं थकलं की बिऱ्हाड रस्त्यावर.

तू मधलीकडे जा. तिच्या कागदावरची एकच ओळ मला उमगली नाही. ‘मजकूर व छायाचित्रं : ग्राहकाकडून’ असं लिहून पुढचा आकड्याचा रकाना कोरा ठेवलाय. म्हणजे ते फुकट, असं धरून चालू.

माझा डोळा बरा आहे. इतकी वर्षं टाळून शेवटी दोन वर्षांपूर्वी मेहुण्यांकडून बसवून घेतला तोच. वर्गात पाठीमागे मला अजून एकाक्ष म्हणतात. बुबुळाच्या खालच्या अंगाला तो तपकिरी ठिपकाही तसाच आहे. एवढ्या पट्टीच्या कारागिराच्या कुंचल्यातून तो सांडला कसा, हे त्यांना विचारायचं राहूनच गेलं.

लोभ आहेच. तो वाढवण्याचं दोघांचंही वय राहिलं नाही, आहे तेवढा टिकव.

तुझा
दादा

१४ फेब्रुवारी

ती. दादास,

सा. न. वि. वि. जेवते. काय जेवले ते संध्याकाळी आठवत नाही, पण भांडी घासलेली असतात, म्हणजे जेवले असणार.

पंचावन्नवालीला हो म्हटलं. हौस म्हणून नाही. नेत्रालयात नवे मोठे डॉक्टर आलेत. ते म्हणाले की आता पेशंटच्या हातात दुकानाच्या नावाची चिठ्ठी देणं बंद, छापील यादी द्यायची, आणि ज्यांची वेबसाइट आहे त्यांचीच नावं यादीत. एप्रिलअखेर यादी लागेल. आमच्याकडे दहातली आठ माणसं तिथूनच येतात. नाव लागलं नाही तर सहा महिन्यांत दुकानाला कुलूप.

वेबसाइटवाली परवा येऊन गेली. तिशीची असेल. मला वाटलं कॉम्प्युटर उघडेल, तर तिने वही उघडली. विचारलं, तुमच्याकडे कोण येतं? येताना कशाला घाबरलेलं असतं? इथे काम कोण करतं? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं दिली. तिसऱ्याला मी चहा टाकायला आत गेले. तिने वहीत त्या प्रश्नापुढे चार ओळी जागा सोडली.

दुकान रोज उघडते. ह्यांची खुर्ची खिडकीपाशी आहे. येणारा आधी खुर्चीकडे बघतो, मग माझ्याकडे, आणि साहेब किती वाजता येतील म्हणून विचारतो. साहेब गेले, असं मी सांगते. काही उठून जातात, काही बसून राहतात. दोन्हीचं मला काही वाटत नाही. बोट बधिर झालं की टाचणी टोचून बघतात ना, तशी मी अधूनमधून ह्यांचा खुंटीवरचा कोट हुंगून बघते. काही नाही. कापडाचा वास येतो.

‘आमच्याविषयी’ असं एक पान असतं म्हणे. ते तू लिहून दे. शब्द हा तुझा धंदा. ह्यांच्याबद्दल लिही. फक्त सोपं लिही. दुकान उघडताना तू लिहिलेलं निमंत्रण वाचून निम्मे लोक फुकट शस्त्रक्रिया आहे म्हणून आले होते.

वहिनीला नमस्कार. तुझी माया आहे तशी असू दे.

बेबी

२२ फेब्रुवारी

चि. बेबीस,

अनेक आशीर्वाद. सोबत पान जोडलंय. सोपं लिहिलंय, म्हणजे समास तीन पदांपलीकडे जाऊ दिलेला नाही. वहिनीला वाचून दाखवलं. तिने विचारलं की हे दुकान आहे की समाधी? तिचं मनावर घेऊ नकोस. ती माझ्या गद्यावर सत्तावीस वर्षं उपवास करून आहे.

मेहुण्यांच्या हाताबद्दल लिहिलंय, ते मनापासून आहे. एकतीस वर्षांची अखंड नेत्रसाधना. पांढऱ्या भागातल्या शिरा दाखवायला ते लाल रेशमाचा एकेक तंतू चिमट्याने बसवत, ते लिहिलंय. माझ्याच डोळ्याचा दाखला दिलाय: अकराव्या वर्षी डोळा गेलेल्या माणसाने त्यांच्या हातचा डोळा लावून आरशात पाहिलं आणि पहिल्यांदा मान वळवून घेतली नाही. ठिपका वगळलाय. जाहिरातीत सत्याला थोडी विश्रांती द्यायची असते.

शेवटी ‘त्यांच्या तालमीत तयार झालेले कारागीर ही परंपरा पुढे चालवीत आहेत’ असं एक वाक्य घातलंय. तू कोणीतरी ठेवला असशीलच, नाहीतर दुकान चालतंय कसं? किती आहेत ते कळव. अनेकवचन मी आदरार्थी धरलंय.

तब्येत सांभाळ. आशीर्वाद जुनेच, पण झिजलेले नाहीत.

दादा

९ मार्च

ती. दादास,

सा. न. वि. वि. तुझं पान मिळालं. वेबसाइटवालीने ते लावूनही दाखवलं. सुंदर झालंय म्हणाली. मग तिने विचारलं की हे कारागीर बसतात कुठे, त्यांच्या हातांचा फोटो हवाय. कारागीर नाहीत, असं मी सांगितलं. मग काम करणारे हात कोणाचे, असं तिने विचारलं. मी माझे दोन्ही हात टेबलावर ठेवले. तिने फोटो काढला. एवढंच झालं.

दादा, चार वर्षांपूर्वी ह्यांचा उजवा हात थरथरायला लागला. आधी पेला हातातून सुटायचा, मग कुंचला. कोणाला सांगायचं नाही, म्हणाले. डोळे करणाऱ्याचा हात थरथरतो म्हटल्यावर समोर खुर्चीत कोण बसेल? साचा मी आधीपासून घ्यायचे, मेणही मीच करायचे. रंग तेवढे ह्यांचे. मग ते बाहेर गिऱ्हाइकासमोर बसून भिंगातून चांगला डोळा न्याहाळायचे आणि आपल्याशीच पुटपुटल्यासारखे रंग सांगायचे: कडेला राखी, आत मध, बाहुलीपाशी काळी झाक. पडद्याच्या आत मी ते लावायचे. डोळा खोबणीत बसवायला तेवढा हात पुरायचा. लोक ह्यांचे पाय धरायचे. मी आतून कप उचलायला यायचे.

त्या चार वर्षांत एकशे बासष्ट डोळे झाले. वहीत तुझा अठ्ठ्याऐंशीवा.

आणि तो ठिपका सांडलेला नाही. सायकलची तार लागून तुझा डोळा गेला तेव्हा तू अकरा वर्षांचा होतास, मी सहा. त्याआधी अभ्यासाला मी तुझ्या डाव्या बाजूला बसायचे. तुझ्या डाव्या बुबुळात खाली तो ठिपका होता. उजव्यात नाही. ह्यांनी तुझा डावा डोळा कधी पाहिलाच नव्हता, ते सांगणार कुठून? तो मी टाकला. बसवताना ह्यांच्या लक्षात आलं. तू गेल्यावर एवढंच म्हणाले की हा डोळा मी सांगितलेला नाही, हा तुझा आहे. त्यानंतर रंग सांगायचं त्यांनी हळूहळू कमी केलं.

म्हणून तुझं पान काढायला सांगितलं. दोन फुकट दुरुस्त्यांतली एक त्यात गेली. आता पान मीच लिहितेय, पाच ओळींचं आहे. पहिली सत्तावीस वर्षं ह्यांनी, पुढची चार मी, असं त्यात आहे. पण लोकांना ते वेबसाइटवर वाचायला लागू नये. म्हणून त्या एकशे बासष्ट जणांना आधी पत्रं लिहितेय. ज्याला हे पटणार नाही त्याने डोळा दुसरीकडून करून घ्यावा, खर्च माझा. नेत्रालयाच्या डॉक्टरांनाही लिहिलंय. यादीत नाव लागणार नसेल तर न लागो.

ह्यांना दिलेला शब्द मोडतेय. काहीतरी वाटायला हवं होतं, असं वाटतं. हे पहिलं पत्र तुझं. तुलाही तेच: पटलं नाही तर कळव.

बेबी

२ एप्रिल

ती. दादास,

सा. न. वि. वि. तुझं उत्तर आलं नाही. बाकीच्यांची येताहेत. एकावन्न आली. चौघे डोळा बदलून घेणार आहेत. एका आजोबांनी लिहिलंय की हे आपल्याला पहिल्या दिवसापासून माहीत होतं, पडद्याखालून पाय दिसत होते, आणि चपला काही साहेबांच्या नव्हत्या.

डॉक्टर स्वतः आले. ह्यांच्या खुर्चीत बसले आणि समोर रंगवून दाखवा म्हणाले. पाऊण तास बघत होते. जाताना यादीत नाव कोणाचं घालू, असं विचारलं. मी माझं सांगितलं. माझ्याच तोंडून ते दुसऱ्या कोणाचं तरी वाटलं. लिहून घेतलं त्यांनी.

वेबसाइट दहा तारखेला सुरू होईल. एकच पान अडलंय, ग्राहकांचे अभिप्राय. तिला तीन हवेत. दोन आलेत. तिसरा मी कोणाकडे मागितलेला नाही.

रागावला असशील तर तसं लिही. नुसती पाकिटाची वाट पाहायला लावू नकोस.

बेबी

६ एप्रिल

चि. बेबीस,

अनेक आशीर्वाद. रागावलो नव्हतो. रागवायला आधी काहीतरी वाटावं लागतं, आणि तो प्रकार संसर्गजन्य असावा. तुझं पत्र वाचून मी नेहमीसारखा वर्गावर गेलो, धातू चालवून घेतले, घरी आलो. रोज उत्तर लिहायला बसायचो आणि पेनात शाई भरून उठायचो. चार आठवडे शाई भरत होतो. वहिनीने शेवटी तुझं पत्र माझ्या खिशातून काढून वाचलं. ती म्हणाली की दुकानात चहा आणून देणाऱ्या बेबीला मी दरवेळी पुरेसा गोड नाही म्हणायचे, ते तिला आधी लिहा.

फोटो शोधला. आई गेल्यावर ट्रंकेत जे राहिलं, त्यात एकच सापडला. मी नऊ वर्षांचा, तू माझ्या डावीकडे, नाक वाहतंय. भिंग लावून पाहिलं. काळापांढरा आहे, डोळ्याच्या जागी डाग तेवढा दिसतो. मला तो ठिपका आठवत नाही. माझ्या डोळ्यात काय होतं ते मला दिसणार तरी कसं? आता जगात ते फक्त तुला ठाऊक आहे. तू होता म्हणतेस, म्हणजे होता.

कोऱ्या रकान्याला मी फुकट म्हटलं होतं. विद्यार्थ्याने असा अर्थ लावला असता तर मी शून्य दिलं असतं. माझ्या पेपरवर तू ते घाल.

कोट खुंटीवरच राहू दे. अधूनमधून हुंगत जा. घाई नाही.

तिसरा अभिप्राय खाली लिहिलाय. यातही दुरुस्ती लागली तर उरलेली फुकटची वापर, मला विचारू नकोस. सुट्टी लागली की दोघं येतो. डोळा घासून चकचकीत करायला झालाय. पडदा काढून ठेव.

माया होती तशीच, पत्ता तेवढा आता नीट कळला.

दादा

अभिप्राय : डोळा दोन वर्षं वापरतो आहे. खुपत नाही. मूळच्या डोळ्यात जे होतं, ते सगळं जागेवर आहे.
— ग्राहक क्र. ८८