कस्तुराबाईचं सुधारलेलं कार्ड

६ जानेवारी १९७५, सोमवार

एका कार्डाची आजची खरी किंमत — कोरं कार्ड माझ्या पदरचं. अर्धा तास. दोन गिऱ्हाइकं तेल न घेता परत. चहावर साय धरली, तो सोजरबाईनं ओतून दिला आणि वर चार शब्द ऐकवले. बायको आहे, ऐकावं लागतं. हे सगळं कशापायी? कस्तुराबाईचं कार्ड शुद्ध जावं म्हणून!

टपालपेटी माझ्या दुकानाच्या भिंतीला. तोंड जरा उंच, म्हणून बाया कार्ड माझ्याच हाती देतात. टाकून द्या म्हणतात. मी टाकतो — वाचून. पाकीट कधी फोडलं नाही, चोर नाही मी. कार्ड उघडंच असतं. अंगणात वाळत घातलेल्या पापडांकडे पाहिलं तर ती काय चोरी झाली? चूक दिसली की पेनानं नीट करतो. सेवादास टपालवाला थैली घेऊन येईपर्यंत काम फत्ते.

कस्तुराबाईच्या कार्डात मात्र नीट करायलाही जागा उरली नव्हती. अक्षरं एकमेकांच्या अंगावर पडलेली. बाई पंचावन्नच्या पुढे. दोन वर्षांमागे विहारातल्या बायांच्या वर्गात गेली, लेकीला लिहिता यावं एवढ्यासाठी. लेक विमल मानोऱ्याला दिलेली. दर सोमवारी एक कार्ड. आजचं मी नव्या कार्डावर पूर्ण उतरवून काढलं. "इमल, पोट्टं काय खाते" असं सुरू होतं. मी लिहिलं, "चि. सौ. विमल हीस अनेक आशीर्वाद." छापल्यासारखं दिसत होतं. जुनं गल्ल्याखाली ठेवलं.

७ जानेवारी

हमाल म्हणून अनसिंगात आलो तेव्हा पोत्यावरचा मार्का वाचता येत नव्हता. पोती वाहता वाहताच अक्षरं शिकलो. आज हे दुकान माझं, आणि गावातलं एकही कार्ड माझ्या नजरेखालून गेल्याशिवाय गाडीत चढत नाही!

एकदाच फसलो. पंजाबरावनं सोयऱ्याला रागाचं कार्ड लिहिलं होतं. मी काना-मात्रा जागेवर बसवल्या. सोयरा पिसाळला. आधीच्या कार्डांतली शिवी लागत नव्हती म्हणे, या खेपेला स्वच्छ वाचता आली.

१० जानेवारी, शुक्रवार

आज जे झालं ते लिहू की नको.

दुपारच्या बसमधून विमल उतरली. कडेवर पोरगं, मागे नवरा, सासू, आणखी दोन बाया. सगळ्यांचे डोळे सुजलेले. गल्लीच्या तोंडाशीच बायांनी गळा काढला. मी ताजवा-वजनं तशीच सोडून मागे गेलो.

कस्तुराबाई अंगणात तुरीच्या शेंगा सोलत होती. रडणं ऐकून उठली. तिला वाटलं, मानोऱ्याला कोणी गेलं. धावली आणि विहिणीच्या गळ्यात पडून तीही रडू लागली. विहिणीचा पदर डोळ्यांवर. कोणाला धरलं हे तिला काय दिसणार! ती कस्तुराबाईच्याच खांद्यावर डोकं टेकून म्हणाली, "कशी गेली वं कस्तुरा, मले न भेटताच?"

कस्तुराबाई रडता रडता थांबली. "कोन कस्तुरा?"

विमलनं मायचा हात धरून चाचपून पाहिला. मग शेजारपाजार हसला. मीही हसलो — जावयानं खिशातून कार्ड काढेपर्यंत. माझं कार्ड.

विमलनं सांगितलं. माय वर्गाला जाऊ लागली तेव्हाच म्हणाली होती, माहे हात चालतात तोवर मीच लिहीन, दुसऱ्याचं अक्षर आलं तं समज, माय नाही. काल दुसऱ्याचं अक्षर आलं.

कार्ड हातोहात फिरलं. माझं अक्षर इथं कोणाला ओळखू येत नाही? उधारीच्या चिठ्ठ्या घरोघर आहेत. सगळे माझ्याकडे वळले. मी कबूल केलं. चुका फार होत्या म्हणालो.

कस्तुराबाईनं आवाज चढवला नाही. "चुका माह्या होत्या ना, मारोतराव? मंग त्या मानोऱ्याले जाऊ द्याच्या होत्या."

११ जानेवारी

विमल दुकानात आली. जुनं कार्ड मागितलं. पोत्याला टेकून वाचलं, दोनदा. हसत होती आणि नाक पुसत होती. पोरगं काय खाते, बकरी व्याली का, असलंच सगळं. जाताना माझं कार्ड ताजव्यात ठेवलं. म्हणाली, "काका, हे तं तहसीलीतून आल्यावानी वाटे."

छापल्यासारखं म्हणालो होतो ना. घ्या.

१२ जानेवारी

सोजरबाईशी वाद. मी म्हणालो, चूक दिसूनही गप्प बसायचं? ती म्हणाली, "बोलता बोलता कोनी अडखळलं तं तुमी त्याच्या तोंडावर हात ठेवता का?"

उत्तर आहे माझ्याकडे. आज सापडलं नाही एवढंच.

२० जानेवारी, सोमवार

विमल संक्रांत करून मानोऱ्याला परतली. कस्तुराबाई कार्ड घेऊन आली नाही.

२७ जानेवारी, सोमवार

कस्तुराबाईनं मीठ नेलं. कार्डाचं नाव नाही.

३ फेब्रुवारी, सोमवार

नाही.

हे वाईट झालं. दोन वर्षं वर्गाला बसून बाई लिहायला शिकली आणि मी अर्ध्या तासात तिचा हात बंद केला. तिकडे लेक वाट पाहत असेल, पुन्हा काहीबाही मनात आणत असेल. दहा कोरी कार्डं घेऊन घरी गेलो. घेतली नाहीत. म्हणालो, लिहा, मी डोळे मिटून पेटीत टाकीन. म्हणाली, "पाहू." शेंगदाणे मात्र दिले मूठभर. तेच जास्त लागलं.

११ फेब्रुवारी

पेटीखाली मोठा दगड आणवला. आता ठेंगण्या बाईचाही हात पोचतो. माझ्या हाती देण्याचं कारणच नको. कार्ड सरळ पेटीत जाईल, मला दिसणारही नाही! सोजरबाईनं दगडावर उभं राहून पाहिलं, मग माझ्याकडे. काही बोलली नाही. ती बोलली नाही की मी बरोबर असतो.

२४ फेब्रुवारी, सोमवार

दगडावर पंजाबराव बसतो, विडी ओढत. कस्तुराबाई आली नाही.

३ मार्च, सोमवार

राहवलं नाही. सेवादासला विचारलं, कस्तुराबाईनं लिहिणं सोडलं का रे? तो म्हणाला, एकही सोमवार चुकला नाही, फाट्यावरच्या पेटीत टाकते. सव्वा मैल. मी म्हणालो, एवढं लांब एकटी चालत जाते?

म्हणाला, "एकटी कायची? तीन वर्षं झाली, अर्धं गाव तिथंच टाकते."