जेट बोटीची अर्थिंग

काका, उद्या तुमची मुलगी माझ्याकडे येते आहे. लालबागची तुमची खोली आता पाडणार, चाळीच्या जागी टॉवर होतोय, हे तिने फोनवर सांगितलं. सामान आवरताना बोटीच्या कामाचे दोन-तीन फोटो सापडले म्हणे, एकात आपण दोघं आहोत. मग म्हणाली, "दादा, एक विचारायचं होतं. बाबांनी ते बोटीचं काम का सोडलं? घरी कधी नीट बोललेच नाहीत." मी म्हणालो, ये, बोलू. फोन ठेवल्यापासून मला एका जागी बसवत नाही. दोनदा जिना उतरून कोपऱ्यापर्यंत जाऊन आलो. काय आणायला गेलो होतो ते दोन्ही वेळा आठवलं नाही. तुम्ही मला एकदाच एक सरळ प्रश्न विचारला होतात आणि मी त्याचं खोटं उत्तर दिलं होतं. तेच उत्तर आता तुमच्या मुलीलाही द्यायचं का, हे मला उद्या चारच्या आत ठरवायचं आहे. म्हणून आधी तुम्हाला लिहितो.

तुम्ही माझगावच्या त्या वर्कशॉपमध्ये आलात तेव्हा गिरण्यांच्या संपाला आठ वर्षं होऊन गेली होती. मिलच्या इलेक्ट्रिक खात्यात तुमची वीस-बावीस वर्षं गेलेली. त्यानंतर कुठे लिफ्टची वायरिंग, कुठे गणपतीच्या मंडपाची रोषणाई, असं करत करत तुम्ही बोटींपाशी पोचलात. मी तिथे इंजिनाचं काम करायचो. सव्वीस वर्षांचा होतो, कोळीवाड्यातला, पाण्यावर वाढलेला, त्यामुळे बोटीतलं सगळं आपल्याला कळतं अशी माझी समजूत. पहिल्याच दिवशी तुम्ही इस्त्रीचा शर्ट घालून आलात, खिशात टेस्टर, आणि धक्क्याला बांधलेल्या बोटीत पाऊल टाकताना माझा खांदा गच्च धरलात. "हलता रे ह्या," म्हणालात. मी म्हणालो, "काका, बोट आहे ती. हलणारच." तुम्ही हसला नाहीत. "मशीन हलता नये," एवढंच म्हणालात.

ती जेट बोट आमच्या शेठने बाहेरदेशातून मागवली होती. सुट्टीच्या दिवशी पाहुण्यांना हार्बरमध्ये फिरवायला, निव्वळ मौजेसाठी. अशी बोट आम्ही कुणी पाहिली नव्हती. खाली पंखाच नाही. पोटाखालून पाणी ओढून घ्यायची आणि मागच्या ॲल्युमिनियमच्या तोंडातून जोरात फेकायची. ते तोंड वळवलं की बोट वळायची. सुकाणू म्हणायचं तर तेवढंच. दिसायला देखणी, पण विजेच्या बाबतीत जन्माची कटकटी. आज स्टार्टर नुसताच टक् करायचा, उद्या बॅटरी उतरलेली, परवा तळातलं पाणी उपसणारा पंप मुका. शेठचे पाहुणे नटूनथटून धक्क्यावर उभे आणि मी चावी फिरवून फिरवून घामाघूम. तुम्ही आलात आणि तीन दिवस बोटीतल्या वायरी नुसत्या हाताने चाचपत बसलात. मग एक वायर मधोमध कापून माझ्यासमोर धरलीत. वरून प्लास्टिक नवंकोरं, आत तांबं पार हिरवं झालेलं. खारी हवा टोकातून शिरली होती आणि वायरीच्या आतून हातभर पुढे गेली होती. "माणूस पण असोच असता," म्हणालात, आणि स्वतःच्याच बोलण्याची लाज वाटल्यासारखे लगेच दुसरी वायर सोलायला लागलात. सगळ्या वायरी तुम्ही बदलल्यात. जोड उघडा ठेवायचा नाही, टोक कल्हई करून, ग्रीस लावून बंद करायचं, हे मी तुमच्याकडून शिकलो. एक टेस्ट लॅम्पही तुम्ही मला स्वतः करून दिलात, बारा व्होल्टचा बल्ब आणि दोन वायरी. हातात ठेवताना म्हणालात, "ह्यो खोटा बोलणा नाय."

त्या दिवसांत मी शनिवारी तुमच्याकडे जेवायला असायचो. माझी आई मांदेली द्यायची, मी ती पिशवी घेऊन तुमचे तीन मजले चढायचो. काकू दारातच म्हणायच्या, "कोळ्याघरचे मासे इले, आता बाजारातले कोण खाता?" स्वयंपाकाच्या ओट्याशी जेमतेम दोन माणसं बसतील एवढी जागा. तुम्ही पाटावर, मी गोणपाटावर, मुलगी पुस्तक घेऊन दारात. तव्यावर मासे चुरचुरत असताना तुम्ही मिलमधल्या त्या माणसाची गोष्ट सांगितलीत. साच्याची, म्हणजे मागाची, अर्थिंगची वायर तुटलेली, कुणाच्या लक्षात आली नव्हती, आणि घामाने भिजलेला तो माणूस लोखंडाला टेकला. तुम्हीच मेन स्विच ओढलात, पण उशीर झाला होता. "त्या दिसापासून मी लोखंडाक हात लावच्या आदी तेची अर्थिंग बघतंय," म्हणालात. काकूंनी तुमच्या ताटात आणखी एक मांदेली टाकली आणि विषय तिथेच थांबला.

म्हणूनच पुढचं झालं. बोट धक्क्याला लागली की शेडमधून चार्जर आणून बॅटरी चार्ज करायची पद्धत होती. तो जुना लोखंडी चार्जर कुठेतरी करंट सोडत होता. मी गुडघाभर पाण्यात उभा राहून बोटीच्या मागच्या तोंडात अडकलेली प्लास्टिकची पिशवी काढायला हात घातला आणि खांद्यापर्यंत झटका बसला. पडलो तो पाण्यात. तुम्ही शेडमधून धावत आलात, चार्जरची पिन उपटलीत आणि मला दंडाला धरून ओढून बाहेर काढलंत. मग ओरडलात, "मेल्या, मरतलंस एक दिवस माझ्या डोळ्यांदेखत!" दुसऱ्या दिवशी तुम्ही हातभर लांबीरुंदीचा तांब्याचा पत्रा घेऊन आलात, धक्क्याखाली पाण्यात सोडलात, आणि तिथून जाड तांब्याची वायर आणून बोटीच्या त्या ॲल्युमिनियमच्या तोंडाला बोल्टने कसलीत. मिलमध्ये कराल तशीच, नीटनेटकी, मजबूत अर्थिंग. बोट धक्क्यावर आली की पहिलं काम, ती वायर जोडायची. आठवड्यातले पाच-सहा दिवस बोट त्या वायरीला बांधलेलीच असायची. झटका पुन्हा बसला नाही. तुम्ही ते माझ्यासाठी केलं होतंत, हे मला तेव्हाही कळत होतं.

मधे तो रविवार आला. पाहुणे धक्क्यावर, पंपाचा फ्यूज उडालेला, तुम्ही अजून पोचला नव्हतात. मी आमच्या मासेमारीच्या बोटीवर करतात तसं केलं. फ्यूजच्या जागी जाड तार पिळून घातली. तुम्ही आलात, झाकण उघडलंत, आणि शेठसमोर, पाहुण्यांसमोर, झाडूवालीसमोर मला झाडलंत. "ही तार कोणी घातली? आग लागली तर ही माणसा खंय जातली? दर्या तुझो, वीज माझी. विजेतला कळत नाय तर तोंड उघडू नको आणि हात लावू नको." तुमचं बरोबर होतं. त्या तारेने बोट पेटली असती. पण पाहुण्यांतली एक मुलगी हसली आणि माझे कान दिवसभर गरम राहिले.

त्यानंतर दोनेक आठवड्यांनी मला बोटीच्या तोंडाच्या बिजागरीशी पांढरी भुकटी दिसली. मीठ असेल म्हणून बोटावर घेऊन जिभेला लावली. खारट लागली नाही. नखाने खरवडली तर खाली ॲल्युमिनियमला खड्डे पडलेले. संध्याकाळी मामाला विचारलं. माझा मामा होड्या बांधायचा, शाळेत दोन वर्षं गेलेला माणूस. तो जाळं विणत होता, मानही वर केली नाही. "बाजूला तांबा लावलाय काय?" म्हणाला. मी हो म्हटलं. "मग खाऊन टाकील. दोन जातीच्या धातू खाऱ्या पान्यात एकमेकाला जोडायच्या नाय रं. तांब्याच्या खिल्याशेजारी आम्ही लोखंडाचा खिला मारतो काय कधी? जा, सांग तुझ्या मिस्त्रीला."

मी तुम्हाला सांगितलं नाही. एकदा ओठांवर आलंही होतं, तुम्ही डबा उघडून अर्धी भाकरी माझ्याकडे सरकवलीत तेव्हा. मनात म्हटलं, तोंड उघडू नको म्हणाला होतात ना. इतकी वर्षं मी स्वतःला हेच सांगत आलो, की तुम्ही चारचौघांत बोललात म्हणून मी रागावलो होतो. आज लिहायला बसल्यावर ते पुरत नाही. त्याच आठवड्यात शेठने मला बाजूला घेऊन विचारलं होतं, "मिस्त्री बूढ़ा हो गया है. तू अकेला संभालेगा क्या?" मी विचार करून सांगतो म्हणालो होतो. मोठं काही होईल असं वाटलं नव्हतं, काका. तो भाग खराब होईल, बदलावा लागेल, शेठ तुम्हाला चार शब्द बोलेल, आणि एकदा का होईना विजेच्या कामात तुम्ही चुकाल. तेवढंच मला हवं होतं.

बोट मीच चालवत होतो. शेठची बहीण आणि तिची दोन मुलं मागे बसलेली. मुलं आणखी जोरात, आणखी जोरात म्हणून ओरडत होती. बंदाऱ्याच्या दगडांच्या अलीकडे मी वळवायला गेलो आणि हातातलं चाक एकदम हलकं झालं. बिजागरी तुटली होती. तोंड लोंबकळत होतं आणि बोट सरळ दगडांवर चालली होती. मी चावी काढली. पण पाण्यावर ब्रेक नसतो. खाली बसा म्हणून ओरडलो, त्याआधीच्या त्या एवढ्याशा वेळात मला मामाचा आवाज ऐकू आला होता. बोट कुशीवर आपटली, दगडांना घासत थांबली. मुलांना काही झालं नाही. बाईंचं मनगट मोडलं. दुसऱ्या एका होडीने आम्हाला ओढून आणलं.

धक्क्यावर तुम्ही वाकून तो तुटलेला तुकडा पाहिलात. बोटाने भुकटी घेतलीत, मग बोल्ट पाहिलात, मग तुमची तांब्याची वायर. मिनिटभरात तुम्हाला सगळं कळलं. मला आधी कुणीतरी सांगावं लागलं होतं, तुम्हाला नाही. शेठ माझ्याकडे बोट दाखवून ओरडत होता आणि तुम्ही मध्ये उभे राहिलात. "त्याला काय बोलू नका. अर्थिंग मी लावली. चूक माझी आहे." तुम्ही साहेबांशी बोलताना वापरायचात ती भाषा. शेठ म्हणाला, "मिस्त्री, ये तुम्हारा मिल नहीं है, समंदर है. कल से मत आना." तुम्ही हत्यारं गोळा केलीत. मी गेटपर्यंत तुमच्याबरोबर आलो. तिथे थांबून तुम्ही अगदी साध्या आवाजात विचारलंत, "तुका म्हायत होता काय रे?"

"नाही काका."

"मगे बरा," म्हणालात, आणि रस्ता ओलांडून गेलात. दुसऱ्या दिवसापासून ते काम माझं झालं. मी शनिवारचं तुमच्याकडे येणं बंद केलं. आई मांदेली बाजूला काढून ठेवायची, मी काहीतरी सांगायचो. तुम्ही भोईवाड्यात चाळींचे मीटर बसवता, असं कुणीतरी सांगितलं. मग चार-पाच वर्षांनी तुम्ही गेल्याचं कळलं, तेही तेराव्यानंतर. निदान मी तसं धरून चाललो. खरं म्हणजे मला दहाव्यालाच कळलं होतं.

काल इथवर लिहून ठेवलं होतं. रात्री ठरवलं, तिला तोंडाने सांगायला जमणार नाही, हेच कागद तिच्या हातात द्यायचे. घडी घालून शर्टाच्या खिशात ठेवले. ती वेळेवर आली. डोळे तुमचे, चालणं काकूंचं. फोटो दाखवले. मी चहा केला. मी काही बोलायच्या आतच ती म्हणाली, "आम्हाला एवढंच माहीत, की बाबांची काहीतरी चूक झाली. ते म्हणायचे, मी दर्यावर मिल चालवायला गेलो. आई एकदा बोलून गेली, की तो पोरगा तर कोळ्याचा, त्याला कळलं नसेल काय? तर बाबा असले भडकले! आयुष्यात आईवर आवाज चढवला नव्हता त्यांनी. म्हणाले, 'त्याका म्हायत असता तर तो गप ऱ्हवलो असतो? माझो माणूस आसा तो.'" मग माझ्याकडे बघून हसली. "बरोबर ना, दादा?"

मी कप उचलायला लागलो. तिचा चहा अजून अर्धा होता. "अहो, राहू दे की," म्हणाली, आणि पुन्हा, "बरोबर होतं ना त्यांचं?"

बरोबर, म्हणालो. कागद खिशातच राहिले, ते आता पुढ्यात घेऊन हे शेवटचं लिहितो आहे. आणि काका, तिच्या तोंडून ऐकताना क्षणभर मलाही वाटलं, की मला खरंच ठाऊक नव्हतं. फार बरं वाटलं.