आईला दिलेल्या दोन गोळ्या

३ मे, साक्री
आईचं पोट बिघडलंय, आणि नेमकं आजच! सकाळपासून आठ वेळा जाऊन आली. उद्या भूषणदादाचं वऱ्हाड जळगावला निघणार. म्हटलं, वाटेत बस थांबवू. तर म्हणते, "मी वरमाय शे. बठ्ठा वऱ्हाडले वाटमां थांबाडू का?"
दुकानातून जुलाब बंद व्हायच्या दोन गोळ्या आणून दिल्या. चार वर्षं मेडिकलमध्ये काम करते, एवढं तर कळतंच मला.

४ मे, जळगाव
गोळ्या लागू पडल्या. आई वाटेत एकदाही उतरली नाही. लग्नात पुढे उभी होती, हिरव्या शालूत. काही खाल्लं मात्र नाही.

५ मे
आईचं पोट टम्म फुगलंय, अंग तापलंय. इथेच जळगावात, मेहरूणला मावशीकडे मुक्काम होता, तिथून थेट दवाखान्यात आणलं.

६ मे
डॉक्टर म्हणाले, आतड्यात जंतू शिरले की शरीर स्वतःच लढतं. पांढऱ्या पेशी धावून येतात, आतडं पाणी सोडतं, जंतूंना बाहेर ढकलतं. जुलाब म्हणजे तीच लढाई. इथे बाहेर जायची वाटच कोणीतरी बंद केली. रक्त पडत होतं ना यांना?
पडत होतं. आईने लपवलं होतं.
"गोळी कोणी दिली?"
मी तोंड उघडायच्या आत आबा बोलले, "मी दिनी. मनी पोरले काही माहीत नही."
बाहेर आल्यावर मी रडले. आबा म्हणाले, "तुले आजून सासरे जानं शे. गप ऱ्हाय."
मी गप्प राहिले.

८ मे
आई गेली. सकाळी साडेनऊला.

१३ मे, साक्री
जुलाबाची गोळी मागणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला मी विचारते – ताप आहे का, रक्त पडतंय का. असेल तर गोळी देत नाही, डॉक्टरकडे पाठवते. चार वर्षांत एकदाही चुकले नाही. आईला विचारलंच नाही. लग्नाच्या घाईत होते, दुसरं काही कारण नाही. फार वाईट वाटतं, आणि कोणाला सांगताही येत नाही.
प्रेमराजमामा आबांशी बोलत नाही. आईचा धाकटा भाऊ तो. आबा त्याच्यापुढे पाण्याचा तांब्या ठेवतात, तो तोंड फिरवतो.

१७ मे
आज आईचा दहावा. सगळ्यांसमोर मामाला सांगितलं, गोळ्या मी दिल्या. त्याने माझ्या डोक्यावरून हात फिरवला. "बापनासाठे खोटं बोलस पोर."
सगळ्यांनी माना डोलावल्या. आबांनीही.