सर्व्हरचे नाहीसे झालेले आकडे व चौथ्या वॉर्डाची चिठ्ठी

प्रति,
मा. वैद्यकीय अधीक्षक,
पूर्णाकाठ धर्मादाय रुग्णालय, अकोला.

विषय : सर्व्हरची डिस्क आजच बदलण्याबाबत व माझ्यावरील आरोपाच्या खुलाशाबाबत.
संदर्भ : आपली नोटीस, दि. ५ ऑक्टोबर २०१७.

महोदय,

मी निखत शेख इनायतुल्ला, आपल्याकडे कंत्राटी संगणकचालक आहे. मी विनापरवानगी हात लावल्याने सर्व्हर बंद पडला, असे नोटिशीत म्हटले आहे. घडले ते असे.

१. डॉक्टरांनी लिहिलेल्या औषधांची चिठ्ठी सर्व्हरमार्फत औषध भांडारात छापली जाते. सर्व्हरवर किती ताण आहे हे दाखवणाऱ्या आकड्यांना काउंटर म्हणतात. ते मी दर तासाला पाहते. सुट्ट्यांनंतर मंगळवारी पाहिले, तर पडदा कोरा होता. शुक्रवारी बाहेरच्या तंत्रज्ञाने जुना अँटिव्हायरस काढला, त्यात काउंटरची यादी बिघडली असावी.

२. आमच्या कंत्राटदार कंपनीचे अमरावतीचे वरिष्ठ श्री. गजेंद्र यांना मी लगेच फोन केला. ते म्हणाले, "सर्व्हर चालू आहे ना? मंग कावून भेऊन राहिल्या तुमी?" मी खरोखर भ्याले होते. फवारणीतून विषबाधा झालेले रुग्ण रोज येत आहेत आणि सर्व्हर कधी मान टाकेल हे दिसतच नव्हते.

३. म्हणून मी काउंटरची यादी नव्याने उभारण्याची आज्ञा सर्व्हरला दिली. पहिल्यांदा ती फसली, दुसऱ्यांदा चालली. प्रोसेसर व मेमरीचे आकडे आले, डिस्कचे आले नाहीत. शोधल्यावर दिसले की ते काउंटर कोणीतरी बंद करून ठेवले होते. मी ते सुरू केले. एवढाच माझा हात लागला. परवानगी घेतली नाही, ही चूक मला मान्य आहे.

४. डिस्कचे आकडे वाईट होते. एरवी क्षणात होणाऱ्या एकेका कामाला डिस्क कितीतरी सेकंद घेत होती. ती निकामी होत आहे, असे मी बुधवारी आपल्या कार्यालयाला लेखी कळवले. उत्तर आले नाही.

५. गुरुवारी सकाळी सर्व्हर बावीस मिनिटे थांबला. चौथ्या वॉर्डात मूर्तिजापूरकडचे भगवंतराव होते. कपाशीवर फवारताना त्यांना विष चढले होते. त्यांच्या पत्नी वच्छलाबाई भांडाराच्या खिडकीशी मला म्हणाल्या, "बाई, चिठ्ठी कावून निघून नाही राहिली? माह्या माणसाच्या तोंडाले फेस येऊन राहिला." छापील चिठ्ठीशिवाय औषध देण्याचा नियम नाही. ललिता सिस्टरांनी दुसऱ्या वॉर्डातून या विषावरचे ॲट्रोपिन आणून टोचले, म्हणून ते वाचले. त्याच दुपारी माझ्याकडून सर्व्हर खोलीची किल्ली काढून घेतली.

६. डिस्क अजून तीच आहे. ती पुन्हा थांबेल. बावीस मिनिटांनी सुरू होईलच, असे मी सांगू शकत नाही. आतले आकडे आता कोणीच पाहत नाही, याने मला जेवण जात नाही.

नोकरीचा निर्णय आपण सावकाश घ्यावा. पण डिस्क आजच बदलावी आणि तोवर डॉक्टरांच्या सहीची हस्तलिखित चिठ्ठी भांडाराने चालवून घ्यावी, असा आदेश द्यावा. सकाळपासून मी भांडाराच्या खिडकीखाली कोऱ्या कागदांचा गठ्ठा घेऊन बसले आहे. सर्व्हर थांबला तर वॉर्डांत धावत जाऊन चिठ्ठ्या आणीन. त्याला किल्ली लागत नाही, फक्त आपली सही लागते.

आपल्या सहीची वाट पाहणारी,
निखत शेख इनायतुल्ला
अकोला, दि. ६ ऑक्टोबर २०१७

सोबत : १) बुधवारच्या पत्राची पोच. २) डिस्कच्या आकड्यांची छापील प्रत. ३) आदेशाचा मसुदा, सहीची जागा सोडून.