चेहऱ्याला दोन थेंब

१२ जानेवारी, सोमवार
आजपासून रोज लिहिणार. वय ३१ (बायोडेटाप्रमाणे). आतापर्यंत सात मुलींचा नकार. कारण अखेर सापडलं : गालावरचे मुरमांचे डाग. स्वभाव, धंदा, घराणं यांत खोट काढायला जागाच नाही. अहमदपुरात मल्लिनाथ साडी सेंटर कोणाला माहीत नाही?
सीबीडी फेस सीरम ऑर्डर केलं. भांगेच्या झाडापासून काढतात. नशा नाही, नुसता ग्लो. ८ फेब्रुवारीला उदगीरला मुलगी बघायला जायचंय. सत्तावीस दिवस. भरपूर.

१६ जानेवारी
पार्सल आलं. दुकानात गिऱ्हाईक असतानाच आईने फोडलं. बाटलीवर हिरवं पान. आई म्हणाली, आपल्या घरात सात पिढ्यांत कुनी गांजा वढला न्हाई. मी म्हणालो, शिवरात्रीला महादेवाला भांग चालते, मग त्याच्या भक्ताने गालाला लावली तर बिघडलं कुठे? आई उठून आत गेली. जिंकलो.
रात्री आमटीत मीठ नव्हतं. तरी जिंकलो.

१७ जानेवारी
बाटलीवर लिहिलंय : चेहऱ्याला दोन थेंब, फक्त रात्री. हा डोस एसीत बसणाऱ्यांसाठी असणार. मराठवाड्याच्या उन्हाला दोन थेंब म्हणजे चेष्टाच. मी दिवसातून तीनदा, दहा-दहा.
सोबत चेहऱ्यावर दुसरं काही लावू नका, छिद्रं बुजतात, असं रीलमधली बाई सांगते. म्हणून विभूती बंद. लहानपणापासून अंघोळीनंतर कपाळावर तीन पट्टे ओढत आलो, पण सायन्स ते सायन्स. मोकळं कपाळ घेऊन गल्ल्यावर बसतूस का, आईने विचारलं. बसलो.

२२ जानेवारी
पुरळ. सोमेश मेडिकलवाला माझा वर्गमित्र. म्हणाला, बंद कर, तुला सोसंना ते. जळतो. स्वतःचं लग्न होऊन पोट सुटलंय, आता दुसऱ्याचा ग्लो बघवत नाही. रीलप्रमाणे ही आतली घाण बाहेर पडतेय, म्हणजे गुण येतोय. जोडीला लिंबू सुरू केलं.

२५ जानेवारी
रुद्रेशमामांनी (हे स्थळ त्यांनीच आणलं) माझा फोटो मुलीकडे पाठवलासुद्धा. मला न विचारता! तोही दिवाळीच्या दुकानपूजेतला. कपाळभर विभूती, गालात पेढा, डाग स्पष्ट दिसतायत. फोनवर सणकून बोललो. मामा म्हणाले, आरं, त्यांना पसंत हाय फोटो. शक्यच नाही. सभ्य माणसं आहेत, तोंडावर नाही कसं म्हणतील.
मुलीचाही फोटो आला. मंजुश्री. शाळेत शिकवते. हसताना डोळे बारीक होतात. चार वेळा पाहिला. हे जमायलाच पाहिजे.
लिंबू दुप्पट.

२ फेब्रुवारी
कपाळाची सालं निघतायत. खालून नवी त्वचा येणार. पैठणी घ्यायला आलेल्या बाई बिल देताना म्हणाल्या, भाजलं का ओ मालक? लोकांना स्किनकेअरमधलं काही कळत नाही. दुसरी बाटली मागवली.

५ फेब्रुवारी
ब्लेड लावलं की आग होते. दाढी तशीच ठेवली. तिच्यात पांढरे केस आहेत हे आजच समजलं. भारदस्त दिसतात.
आई म्हणाली, पुढच्या महिन्यात जाऊ बघायला. अजिबात नाही. माघार घेणारा मी नव्हे.

८ फेब्रुवारी, संध्याकाळी ७
उदगीरहून आत्ताच आलो. कार्यक्रम झकास.
मुलीचे वडील गुरुबसप्पा बराच वेळ माझ्याकडेच बघत होते. छाप पडली. मग म्हणाले, कपाळ मोकळं कसं काय? आणि उठून त्यांनी विभूतीची वडी ओली केली, स्वतःच्या हाताने मला तीन पट्टे ओढले. सोललेल्या कपाळावर! डोळ्यांतून घळाघळा पाणी. केवढी ही भक्ती, असंच त्यांना वाटलं असणार.
मंजुश्रीने एकच प्रश्न विचारला. तुमचं वय खरंच एकतीस आहे का? हो म्हणालो. एवढा परिपक्वपणा या वयात तिने पाहिला नसेल. निघताना ती मोबाईलवर माझा फोटो उघडून एकदा त्याच्याकडे, एकदा माझ्याकडे बघत होती. लक्षण चांगलं आहे.
हॉलची चौकशी करून ठेवावी.

१२ फेब्रुवारी
निरोप नाही. मोठी घराणी वेळ घेतातच. फोन दिवसभर हातात. एका बाईला चुकून अर्ध्या किमतीत इरकल दिली.

१५ फेब्रुवारी, महाशिवरात्र
सकाळी मामा आले. उदगीरचा निरोप : फोटोतला मुलगा आम्हाला पसंत आहे, मंजुश्रीलाही. पण फोटो धाकट्याचा पाठवून बघायला थोरल्याला का आणलं? असली फसवाफसवी आमच्यात चालत नाही. धाकट्याचं अजून कुठे जमलं नसेल तर त्याला घेऊन या.
मी एकुलता एक.
मामांनी शपथा घेतल्या. उदगीरवाले मानत नाहीत.
आईने विभूतीची वडी समोर ठेवली. आरशापुढे बसून तीन पट्टे ओढले. झोंबलं. वाईट वाटलं, लई वाईट. मंजुश्रीला तो पेढा खाणारा पसंत होता. डागांसकट.
आरशात थोरलाच दिसत होता.
मामा म्हणाले, आता महिनाभर तोंडाला काही लावू नको. मग धाकट्याला घेऊन जाऊ.