चमचाभर विरजण

सर, तुम्हाला माहीत नव्हती अशी एक गोष्ट माझ्या नातीच्या पुस्तकात आली आहे. फार फार पूर्वी, जेव्हा सगळे जीव एकेका पेशीचेच होते, तेव्हा एका पेशीने दुसरीला गिळले. पण गिळलेली मेली नाही. ती आतच राहिली, वाढली, आणि आज आपल्या अंगातल्या पेशींना ताकद पुरवते ती तिचीच संतती, असे म्हणतात. नात परीक्षेसाठी मोठ्याने घोकत होती आणि मी ओसरीवर तुरीच्या शेंगा सोलत बसलो होतो. मला एकदम वाटले, हे सरांना सांगायला पाहिजे. मग आठवले की तुम्हाला जाऊन साठ वर्षे होत आली. मी सातवीपर्यंत शिकलेला माणूस आहे, लिहिताना चुका होतील. चुकांची मला अजून भीती वाटते, तुमच्यासमोर पाटी धरताना वाटायची तशीच.

तुम्ही आमच्या शाळेत आलात तेव्हा मी वीस वर्षांचा होतो आणि शाळेचा शिपाई होतो. पुसदहून बैलगाडीने आलात. सोबत बाई, तीन-चार वर्षांची मुलगी आणि पुस्तकांची एक पेटी. तुमच्या लोकांनी नागपूरला धर्म बदलला त्याला तीन वर्षे झाली होती. गावाला मात्र तुमचा जुनाच धर्म ठाऊक होता. शाळेजवळ दोन खोल्या रिकाम्या असून तुम्हाला नाल्यापलीकडच्या वस्तीत राहावे लागले. मुख्याध्यापकांनी मला शिक्षकांच्या खोलीत खिडकीपाशी एक खिळा ठोकायला लावला आणि त्यावर तुमच्यासाठी कान तुटलेला एक कप अडकवायला सांगितला. तो खिळा मीच ठोकला. पहिल्या दिवशी तुम्ही त्या कपाकडे पाहिले, चहा प्यालात, स्वतः कप विसळलात आणि परत खिळ्याला लावलात. मला हायसे वाटले. तो कप कोण धुणार याची मला सकाळपासून धास्ती होती.

शाळा सुटली की तुम्ही मला थांबवून शिकवायचात. मी मॅट्रिकला बाहेरून बसावे असे तुमच्या मनात होते. एकदा प्रयोगशाळेतली भांडी पुसताना तुम्ही विचारलेत, "काय रे, दही कशानं लागते?"

"विरजणानं, सर."

"अन् विरजण?"

"कालच्या दह्याचं."

"अन् सगळ्यांत पहिलं?"

मी म्हणालो, "शेजारून आणलं असंन."

तुम्ही टेबलाला धरून हसलात. इतके हसताना मी तुम्हाला तेवढे एकदाच पाहिले. मग म्हणालात, "शेजारीच नव्हता लेका कोणी, तेव्हाची गोष्ट आहे." आणि सांगत बसलात. तापलेले पाणी, त्यात विरघळलेले क्षार, वरून विजा. परदेशात कोणी तरी बंद काचेत पाणी आणि वायू घालून ठिणग्या सोडल्या, तर सजीवांच्या अंगात असतात तसले कण तयार झाले. तेलकट पापुद्र्याचे बारीक थेंब तयार होत आणि फुटत. असे किती तरी फुटले. कधी तरी एक टिकला, त्याने बाहेरचे आत घेतले, फुगला, आणि त्याचे दोन झाले. मी विचारले, "मग आता काहून होत नाही, सर?"

"होतही असंन," तुम्ही म्हणालात. "पण जागा रिकामी कुठं आहे आता? नवा कण झाला रे झाला की आधीचे त्याले खाऊन टाकतात. पहिला वाचला, कारण त्याले खायले कोणी बसलं नव्हतं."

मला वाटले तुम्ही जंतूंबद्दल बोलत आहात.

त्यानंतर तुम्ही ते दोन चंबू मांडलेत. तुरीच्या डाळीचे गाळलेले पाणी, त्यात गुळाचा खडा, दोन्हींत सारखेच. दोन्ही उकळले. एक उघडा ठेवला. दुसऱ्याच्या बुचात काचेची नळी बसवली, दिव्यावर तापवून बगळ्याच्या मानेसारखी वाकवलेली, म्हणजे हवा आत जाईल पण धूळ वाकणात अडकेल. उघडा चंबू तिसऱ्या दिवशी नासला. वाकड्या मानेचा निर्मळ राहिला. तुम्ही रोज भिंतीवर खडूने एक रेघ ओढायचात. हिवाळ्यात तपासणीचे साहेब येणार होते, आणि तुम्ही कायम होणार की नाही ते त्यांच्या शेऱ्यावर होते. जीव जिवापासूनच होतो, आणि तरीही एकदा तो नुसत्या पाण्यात झाला, हे तुम्ही त्यांना त्या चंबूवर समजावून दाखवणार होतात. मराठीचे मास्तर येता-जाता म्हणायचे, "ब्रह्मदेव रजेवर गेले काय हो? त्यांच्या जागी टेम्परवारी लागले का तुम्ही?" सगळे हसायचे. मीही हसायचो, दाराबाहेर उभा राहून.

याच दिवसांत तुमच्या मुलीला हगवण लागली. कंपाउंडरने ताक-भाताशिवाय काही देऊ नका म्हणून सांगितले. तुम्ही मला बाजूला घेतलेत. तुम्हाला मागायची सवय नव्हती, त्यामुळे बोलणे तुटक आले. "तुमच्या घरी विरजण असंन. चमचाभर आण. दूध भेटते, विरजण कोणी देत नाही." मला ठाऊक होते. विरजण देणे म्हणजे घरातली बरकत देणे, ते तिन्हीसांजेला सख्ख्या शेजाऱ्यालाही देत नसत. नाल्यापलीकडे तर कोणत्याच वेळी नाही. आणि नाल्यापलीकडे गाय कोणाकडेच नव्हती.

मी दुसऱ्या दिवशी पळसाच्या द्रोणात विरजण आणून दिले. दही लागले नाही. परत आणले. लागले नाही. तिसऱ्या दिवशी तुम्ही मला विचारत होतात, पाणी खराब आहे का, थंडी जास्त आहे का, बाईंनी गाडगे राखेने घासले तेच चुकले का. पोरगी सुकत चालली होती. आईने त्या विरजणावर कढत पाणी ओतले होते, सर. काही बायका तसे करायच्या. नाही म्हणायचे नाही, पण मेलेले द्यायचे. दिले असेही होते आणि बरकतही घरातच राहते.

चौथ्या दिवशी तुम्ही तो द्रोण नववीच्या वर्गात टेबलावर ठेवलात. मी खडू द्यायला आलो होतो, मला थांबवलेत. "यात पाणी आहे," तुम्ही पोरांना सांगू लागलात. "स्निग्ध आहे, क्षार आहेत. जिवंत दह्यात जे जे असते ते सगळं यात आहे. तरी यानं दूध विरजत नाही. तीन दिवस पाहिलं. काहून?" तुम्ही द्रोण पोरांकडे तिरपा केलात. "हे मेलेलं नाही. मारलेलं आहे. जीव तयार व्हायले कोट्यवधी वर्षं लागली, मारायले कढत पाणी पुरते." मग माझ्याकडे न पाहता म्हणालात, "ने, फेकून दे." पोरांना कळायला वेळ लागला नाही. व्हरांडाभर माझ्या मागून आवाज आला, "मेलं दही! ए मेलं दही!" पुढे वर्षभर मला तेच नाव होते.

तपासणीच्या दोन दिवस आधी मधल्या सुट्टीत मी प्रयोगशाळेत गेलो. घरून डबीत ताजे दही आणले होते. बूच काढले, चार थेंब आत टाकले, बूच बसवले, नळीची मान होती तशी खिडकीकडे वळवली. डबी खिशात घातली आणि सुट्टी संपल्याची घंटा द्यायला गेलो.

साहेबांनी चंबू उजेडात धरला. आतले पाणी गढूळ, तळाशी साका. भिंतीवर एक्केचाळीस रेघा. "हेच का ते निर्मळ?" मुख्याध्यापक खाली पाहून हसले. मराठीचे मास्तर म्हणाले, "साहेब, आमच्या शाळेत जीव आपोआप झाला, लिहून घ्या!" हसण्याचा मोठा कल्लोळ झाला. तुम्ही चंबू साहेबांच्या हातून घेतलात. बूच काढून वास घेतलात. मी चहाचा ट्रे घेऊन दारात होतो, कान तुटलेला कप एका कडेला ठेवलेला. तुम्ही जवळ आलात, कप उचललात आणि फक्त मला ऐकू येईल एवढेच बोललात. "म्हणजे तुझ्या घरी जिवंत होतं."

तुम्हाला कायम केले नाही. तुम्ही झरीकडे, जंगलातल्या कुठल्याशा शाळेवर गेलात. गाडी निघाली तेव्हा मुलगी बाईंच्या मांडीवर होती, डोळे उघडे होते, एवढे मी नाल्याच्या अलीकडून पाहिले. दोन वर्षांनी तापाने तुम्ही गेल्याचे कळले. मुख्याध्यापक म्हणाले, "तो खिळा काढून टाक रे आता." मी काढला. मॅट्रिकला मी कधी बसलो नाही. मुलगी जगली का, हे विचारायला झरीला जाईन म्हणत राहिलो. एस.टी. सुरू झाली, घरात मोटारसायकल आली, गेलो नाही.

काल नातीला विचारले, ती गिळलेली पेशी परत बाहेर निघू शकते का. ती म्हणाली, "नाही हो आबा. आता ती बाहेर जगूच शकत नाही." आणि पुढचे पान घोकू लागली.

हे पत्र टाकायला पत्ता नाही. ते बरेच आहे, कारण वर एक गोष्ट मी खोटी लिहिली आहे. साठ वर्षे सगळ्यांना तशीच सांगत आलो, म्हणून हाताने तशीच लिहिली. कढत पाणी आईने ओतले नव्हते. "लेकराले ताक पाहिजे ना, ने बापा, जास्तीचंच ने," म्हणून तिने रोज वाटीभर चांगले दही काढून दिले. त्यातले चमचाभर परीक्षानळीत घालून तुमच्याच दिव्यावर मी धरायचो, रोज, तुम्ही यायच्या आधी. गावात कळले तर मला वाळीत टाकतील ही भीती होती, पण तेवढीच नव्हती. तुम्ही मला शिकवत होतात, "काय रे" म्हणत होतात, आणि ते मला सोसत नव्हते. नळीतले दही फाटून पाणी वेगळे होईपर्यंत मी धरून ठेवायचो. ते पाहायला मला आवडायचे.